टर्बोचं तोंड

वाजंत्री पुढं, वऱ्हाड मागं आणि मधे साहेबरावची पांढरी ॲम्बेसिडर. धावड्याच्या वेशीत आली आणि बंद पडली. आत नवरदेव बसलेला. साहेबरावनं चावी मारली, पुन्हा मारली, खाली उतरून बॉनेट उघडलं, कार्बोरेटरवर पान्यानं ठोकलं. गाडीनं दोनदा खोकल्यासारखं केलं अन् गप्प झाली. चार जण ढकलायला लागले. तेवढ्यात मागून गावातल्याच काकासाहेबाची जीप आली. काकासाहेब खालीसुद्धा उतरला नाही. नुसती मान बाहेर काढून म्हणाला, "साहेबराव, नवरदेवाला इकडं दे. तुह्या गाडीत तो म्हातारा व्हईल."

वऱ्हाड हसलं. नवरदेव बाशिंग सावरत जीपमध्ये जाऊन बसला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. साहेबराव तापलेल्या बॉनेटवर हात टेकून तसाच उभा राहिला. बायांच्या घोळक्यात त्याची बायको सत्यशीला होती. तिलाही हसू आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. साहेबरावला तो पदर दिसला.

घरी आल्यावर त्यानं दार लावलं नाही. मारताना दार लावायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. "कामून हसली? सांग, कामून हसली?" एवढंच तो विचारत होता आणि प्रत्येक विचारण्याला एक हात टाकत होता. त्याची आई तुळजाबाई मधे पडली तर तिच्या कोपराला जात्याचा खुंटा लागला. संध्याकाळी सत्यशीलानं सुजलेल्या डोळ्यानं भाकरी थापल्या आणि साहेबरावनं त्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी तो जालन्याच्या भंगार बाजारातून टेम्पोत एक इंजिन घालून आला. पलटी झालेल्या कुठल्याशा जीपमधलं टर्बो डिझेल. लिंबाखाली उतरवायला सहा गडी लागले. सोबत धाकटा भाऊ मच्छिंद्र होता. मच्छिंद्र आठ वर्षं जालन्याला गॅरेजवर कामाला होता. साहेबरावनं गॅरेजसमोर टेम्पो उभा केला, नुसतं 'बस' म्हणाला आणि मच्छिंद्र हात पुसत बसला. बाप रामराव गेला तेव्हा मच्छिंद्र अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून दादानं बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं, हे त्याच्या हाडात मुरलं होतं.

"बापाची गाडी हाये," साहेबराव म्हणाला. "बॉडी तीच ठेवायची, काळीज बदलायचं. पुढल्या इतवारी तातेरावच्या पोरीचं लग्न हाये. नवरदेव मीच आणणार, जांब समर्थहून. काकासाहेबाच्या जीपच्या पुढून."

"दादा, दहा दिवसांत व्हनार न्हाई."

"कामून न्हाई?"

"पेट्रोलच्या गाडीत डिझेल बसवायचं म्हंजी फाउंडेशन बदला, रेडिएटर सरकवा, टाकी धुवा, वायरिंग..."

"मंग बोलून कामून राह्यला? कामाला लाग."

२००२ सालचा तो उन्हाळा. सकाळी नऊलाच पत्र्याला हात लावता येत नव्हता. मच्छिंद्रानं लिंबाखाली तीन बल्ल्यांची तिपाई उभी केली, तिला चेनकप्पी टांगली आणि जुनं इंजिन वर ओढून काढलं. चोवीस वर्षं त्या गाडीत बसलेलं इंजिन बाहेर येताना असा आवाज झाला, की तुळजाबाई ओट्यावरून म्हणाली, "मालकाचं दात काढल्यावानी वाटलं बाई." ते इंजिन दोघांनी लोळवत गोठ्याच्या भिंतीशी नेलं. मग कापाकापी सुरू झाली. नवीन इंजिन लांब होतं. पुढची पट्टी छन्नीनं तोडावी लागली, रेडिएटर चार बोटं पुढं गेला. घामानं पाना निसटायचा, बोटांची सालं जायची. दुपारी सत्यशीला पाणी आणून ठेवायची आणि परत जायची. तिची पोरगी नंदा सुट्टीला आजोळी गेली होती, जांबलाच. ती इथं नाही याचं मच्छिंद्राला बरं वाटत होतं.

इंजिन ज्या लोखंडी बैठकीवर बसतं त्या फाउंडेशनला वेल्डिंग करायला भोकरदनहून कमरोद्दीन मिस्त्री आला. साठीचा माणूस, रामरावच्या वेळेपासून या गाडीला हात लावलेला. वेल्डिंग झाल्यावर तो नवीन इंजिनापाशी उकिडवा बसला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसवलेली गोगलगाईच्या शंखासारखी वस्तू. तिच्या तोंडात हवा ओढणारा पंखा असतो, पात्या धारदार. मिस्त्रीनं बोट घालून पंखा हलवून पाहिला. पंखा खुळखुळला. बोट बाहेर आलं ते तेलानं काळं होऊन.

"साहेबरावभाऊ, सील गेलेली हाये हिची. औरंगाबादला पाठवा, चार रोजात बनवून देतेत. असं चालू करू नका."

"इतवारी लग्न हाये."

"लगन होऊन जाईल हो दुसऱ्या गाडीत..."

दुसऱ्या गाडीत, हा शब्द चुकला. साहेबरावनं मिस्त्रीच्या हत्याराच्या थैलीला लाथ मारली. पाने, छन्न्या, पक्कड, मिस्त्रीचा चहाचा डबा, सगळं अंगणात पसरलं. "काकासाहेबानं पाठीवलं का तुला? ऊठ. निघ."

"मिस्त्री बराबर सांगून राह्यले, दादा," मच्छिंद्र म्हणाला.

साहेबरावनं सव्वीस वर्षांच्या भावाच्या थोबाडीत मारली, परक्या माणसासमोर. मच्छिंद्राच्या कानात बराच वेळ शिट्टी वाजत राहिली. कमरोद्दीन एकेक पाना वेचून थैलीत भरू लागला, तेव्हा मच्छिंद्र खाली बसून त्याच्याबरोबर वेचायला लागला. साहेबराव हौदावर तोंड धुवायला गेला होता.

"बेटा, ध्यान से सुन," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "ही मशीन स्वताचं ऑइल पिऊन पळंल. रेस पकडली की चावीनं बंद न्हाई होणार, डिझेल तोडलं तरी न्हाई. हवा बंद करायची. तोंडावर फळी दाबायची, फळी. हात बिलकुल न्हाई. ती पाती हड्डी सोडत न्हाई."

मच्छिंद्रानं मान डोलावली. मिस्त्री गेला तो मजुरी न मागता.

त्या रात्री जेवताना मच्छिंद्र म्हणाला, "दादा, मिस्त्री म्हणत होते, चालू करायच्या आंधी..." साहेबरावनं पितळी तांब्या उचलला आणि फेकला नाही, नुसता धरून ठेवला. मच्छिंद्रानं पुढचं वाक्य भाकरीबरोबर गिळलं.

गुरुवारी इंजिन खाली सोडायचं होतं. साहेबराव गाडीखाली उताणा पडून बोल्टांची भोकं जुळवत होता. मच्छिंद्र चेन सोडत होता. इंजिन डुलू नये म्हणून सत्यशीलाच्या हातात पहार दिली होती. पहार उन्हात तापलेली. तिनं पदर गुंडाळून धरली होती. इंजिन चार बोटं खाली आलं आणि पदरावरून पहार सटकली. इंजिन एका अंगाला गेलं, साहेबरावचं बोट फाउंडेशनमध्ये दबलं. फार नाही, नखाखाली रक्त साकळलं एवढंच.

तो गाडीखालून सरपटत बाहेर आला. जवळ जुना फॅनबेल्ट पडला होता, तो उचलला. पहिला फटका तिच्या दंडावर बसला, दुसरा पाठीवर, तिसरा मानेवर. रबराचा आवाज ओल्या कपड्यासारखा येत होता. सत्यशीला पळाली नाही. लिंबाच्या बुंध्याला धरून उभी राहिली, जशी गाय उभी राहते.

मच्छिंद्र चेन धरून उभा होता. चेन सोडली तर इंजिन खाली येईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण चेनकप्पी सोडली तरी वजन जागेवर धरते, हे गॅरेजमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याला ते ठाऊक होतं. तरी त्यानं दोन्ही हातांनी चेन घट्ट धरली आणि नजर इंजिनावर ठेवली. बेल्टाचे फटके त्यानं मोजले नाहीत, पण ऐकले सगळे.

"धर पहार," शेवटी साहेबराव म्हणाला. सत्यशीलानं पहार धरली. इंजिन जागेवर बसलं.

शनिवारी सकाळी अर्धा गाव अंगणात जमला. साहेबरावनंच बोलावलं होतं. काकासाहेबही आला, हातात तंबाखू मळत, जीप दाराशी लावून. इंजिनाची ताकद चाकांना देणारा प्रॉपेलर शाफ्ट जोडायचा बाकी होता, त्यामुळं गाडी गिअरमध्ये टाकून इंजिन बंद पाडता येणार नव्हतं. हवेच्या फिल्टरचा पाईपही बसवायचा होता. जुन्या बॉनेटखाली तो मावत नव्हता. टर्बोचं तोंड उघडं होतं.

"पाईप बसवू दे, दादा. दुपारपर्यंत व्हतंय."

"लोक दुपारपर्यंत बसतेत का? मार चावी."

मच्छिंद्रानं बाभळीची एक फळी आणून मडगार्डाला टेकवून ठेवली. कोणी विचारलं नाही. त्यानं चावी मारली.

इंजिन पहिल्या झटक्याला धरलं. पांढरा धूर निघाला, मग विरळ झाला आणि आवाज एकसारखा लागला. भरल्या पोटी बैलानं रवंथ करावी तसा. लोकांनी वाहवा केली. तातेराव म्हणाला, "व्वा! रामराव असते तर..." साहेबरावचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांत मच्छिंद्रानं तो तसा पाहिला नव्हता. क्षणभर त्यालाही वाटलं, हे आपण केलं, आपल्या हातानं.

"बाजूला व्हय," म्हणत साहेबरावनं बॉनेटमध्ये हात घालून रेस ओढली. इंजिन गरजलं. त्यानं काकासाहेबाकडं पाहिलं. पुन्हा ओढली. मग सोडली.

रेस सोडली, पण आवाज खाली आला नाही.

आवाज चढत गेला. धूर निळा झाला, मग दाट काळपट निळा. मच्छिंद्र चावीकडं धावला, चावी काढून हातात घेतली. इंजिन चालूच. परत येऊन त्यानं डिझेलची नळी पक्कडीनं दाबून तोडली. डिझेल पायावर सांडलं. इंजिन चढतच होतं. गाडीचा पत्रा थडथडू लागला, काचा वाजू लागल्या, बॉनेटची काडी खडखडू लागली. लोक मागं पळाले, कोंबड्या गोठ्यावर चढल्या. तुळजाबाई ओट्यावर कान दाबून बसली. आवाज आता इंजिनाचा राहिलाच नव्हता, एक लांब किंकाळी झाली होती.

मच्छिंद्र फळीसाठी वाकला. साहेबरावनं त्याला खांद्यानं उडवलं. धुरात साहेबराव इंजिनावर वाकला होता, आणि हवा आत ओढणारं ते तोंड त्यालाही दिसलं होतं. एवढं त्यालाही कळत होतं, की हे तोंड बंद केलं तर हे जनावर गुदमरेल. त्यानं उजवा हात उचलला, पंजा पसरून.

मच्छिंद्र जमिनीवर पडला होता. त्याला सगळं दिसत होतं. हात आणि तोंड यांच्यात वीतभर अंतर होतं आणि दोन श्वासांचा वेळ होता. 'हात नको' एवढे दोनच शब्द. ते घशापर्यंत आले. तोंडही उघडलं.

साहेबरावचा पंजा टर्बोच्या तोंडावर बसला. आवाज एकदम बदलला, उसाच्या चरकात हाड गेल्यासारखा. मग साहेबराव ओरडला. तो ओरडणं सोडून दुसरं काही करू शकत नव्हता, हात सुटत नव्हता. तेव्हा कुठं मच्छिंद्र उठला. त्यानं भावाला कमरेला धरून मागं ओढलं, फळी तोंडावर दाबली आणि छातीचा भार दिला. इंजिन दोनदा हिसडलं, तीनदा हिसडलं आणि मेलं.

अंगण इतकं शांत झालं की रेडिएटरमधून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

तीन बोटं मुळापासून गेली होती, चौथं कातडीवर लोंबत होतं. सत्यशीलानं पातळाचा धडपा फाडला आणि हात करकचून बांधला. जायला गाडी एकच होती. काकासाहेब जीपचं मागचं फाळकं खाली पाडून उभा राहिला. साहेबराव त्या अवस्थेतही म्हणाला, "ह्याच्यात न्हाई... मला ह्याच्यात न्हाई बसायचं." चौघांनी उचलून त्याला ह्याच्यातच घातलं. मच्छिंद्रानं टर्बोच्या तोंडातून निघालं तेवढं काढलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि जीपच्या मागं लटकला.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं फडकं उघडून पाहिलं आणि परत बांधलं. "ह्याचा काही उपयोग नाही," तो म्हणाला. मच्छिंद्र ते गाठोडं घेऊन बराच वेळ व्हरांड्यात उभा राहिला. कुठं टाकावं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं दवाखान्याच्या मागं गुलमोहराखाली हातानं माती उकरून पुरलं.

परत आला तर सत्यशीला बाकावर बसली होती. पदरावरचं रक्त वाळून कडक झालं होतं.

"भावजी, मिस्त्री तुमच्याशी बोलत होते तवा मी चुलीपाशी होते. मला सगळं ऐकू आल्तं."

मच्छिंद्र भिंतीला टेकून खाली बसला.

"तुमचं तोंड उघडलेलं मी पाह्यलं. आवाज आला न्हाई."

"वहिनी, तुमाला इतक्या वर्षांत त्यानं..."

"मह्यासाठी केलं म्हणू नका," ती शांतपणे म्हणाली. "मह्यासाठी करायचं असतं तर गुरुवारी चेन सोडली असती. आन् मी बी कुठं ओरडले? मी दारात उभी होते. मला बी ठाऊक होतं. मी पदर तोंडात धरला." पदरावरचं वाळलेलं रक्त नखानं खरवडत ती म्हणाली, "हे मह्यापाशी राहू द्या. तुमचं तुमच्यापाशी."

त्यानंतर त्या दोघांत त्यावर एक अक्षर झालं नाही.

अठरा दिवसांनी साहेबराव घरी आला. तातेरावच्या पोरीचं लग्न कधीच होऊन गेलं होतं. तो ओट्यावर खाटेवर बसून राहायचा, पांढरं गाठोडं मांडीवर ठेवून. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, मच्छ्यानं काम कच्चं केलं. मच्छिंद्र ऐकून घ्यायचा. गॅरेजवरून एकदा निरोप आला, तो त्यानं तसाच ठेवला. तो रोज थोडं थोडं इंजिन उकलत होता. पिस्टन चिकटले होते, दांड्या वाकल्या होत्या. आतून ते इंजिन भाजलेल्या वांग्यासारखं काळं पडलं होतं.

साहेबरावला न मारता बसलेलं पाहायची घराला सवय नव्हती. त्या अठरा दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यात घर दबकत दबकत मोकळं झालं. तुळजाबाई जात्यावर गुणगुणू लागली. मच्छिंद्राच्या मनात येऊन गेलं, की जे झालं ते वाईट झालं, पण त्यातून हे तरी निघालं. मारणारा हातच उरला नाही.

एका सकाळी सत्यशीला नवऱ्याला वरणात भाकरी कुस्करून भरवत होती. घास गरम होता. साहेबरावची जीभ भाजली. त्यानं ताटाखालचा पाट डाव्या हातानं ओढला आणि तिच्या तोंडावर मारला. डावा हात अजून अडाणी होता, म्हणून पाट ओठावर न बसता गालाच्या हाडावर बसला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा नेम सुधारला होता.

मच्छिंद्र गाडीपाशी होता. त्यानं पाना टाकला. अंगण ओलांडून ओट्यावर कसा चढला हे त्याला नंतर आठवलं नाही. त्यानं दादाचं मनगट धरलं. साहेबरावनं लाथ मारली, ती पोटात बसली. मग मच्छिंद्रानं त्याला खाटेवरून खाली ओढलं आणि मारलं. आधी थोबाडीत, मग छातीवर, मग दिसेल तिथं. साहेबराव बांधलेला हात वर धरून वाचवत होता आणि शिव्या देत होता. पट्टी लाल व्हायला लागली तरी मच्छिंद्र थांबला नाही. मारताना त्याला बरं वाटत होतं. हात सहज पडत होता, जणू ह्या कामाला तो कधीचा शिकून बसला होता. तोंडातून शब्द निघत होते, "सांग, कामून मारलं? सांग, कामून?"

गार पाणी अंगावर आदळलं. सत्यशीला हंडा घेऊन उभी होती. ओठ फाटलेला, दातांवर रक्त.

"बस झालं. आता तुमी बी?" ती म्हणाली. "आता तुमी बी लागले विचारायला?"

मच्छिंद्राचे हात खाली आले.

सत्यशीला आत गेली. दोन लुगडी, नंदाचा एक फ्रॉक, कुंकवाची डबी, एवढं पिशवीत घातलं आणि बाहेर आली. "मी जांबला चालले. पोरीपाशी." कोणाला विचारल्यासारखं नाही, सांगितल्यासारखं.

तुळजाबाई ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती. तिनं आळीपाळीनं दोन्ही पोरांकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खुंटीवरची आपली घोंगडी घेतली.

"थांब गं. मी बी येते."

"माय, तू कुठं?" साहेबराव जमिनीवरून म्हणाला. "तू मही माय हायेस."

"म्हणून तर," म्हातारी म्हणाली. "मह्याच्यानं आता न्हाई पाहवत. एकाला पाहू का दोघांला?"

दोघी स्टँडकडं निघाल्या. म्हातारीनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला होता. वाटेत काकासाहेबानं जीप थांबवून विचारलं तर सत्यशीलानं मानेनंच नाही म्हटलं आणि त्या पायीच पुढं गेल्या. मच्छिंद्र वेशीपर्यंत नजरेनं त्यांच्या मागं गेला. त्याला हाक मारावीशी वाटली, पण कोणत्या तोंडानं मारावी हे कळलं नाही.

ऊन ओट्यावर चढलं. साहेबराव भिंतीला टेकून बसला होता, मच्छिंद्र पायरीवर. वरण सांडलं होतं त्याच्यावर मुंग्या आल्या होत्या.

"दादा," मच्छिंद्र म्हणाला, "मिस्त्रीनं मला सांगितलं व्हतं. फळी धरायची, हात न्हाई. मला ठाऊक व्हतं. तू हात नेला तवा मी ओरडलो न्हाई."

त्याला वाटलं, आता दादा उठेल. पाना, पाट, हाती येईल ते उचलेल. तो पायरीवरून सरकला नाही. येईल ते घ्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

साहेबरावनं पट्टीवरच्या लाल डागाकडं पाहिलं.

"दिसलं व्हतं मला," तो म्हणाला. "तुहं तोंड."

मग तो भिंतीला धरून उठला. परसाकडं जायचं होतं. दोन पावलं गेला आणि थांबला. झटापटीत पायजम्याची नाडी सुटली होती. त्यानं एका हातानं पायजमा धरला आणि त्याच हातानं नाडी धरायला गेला. पायजमा घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. दातात एक टोक धरून पाहिलं, मान तेवढी पोचेना. घरात आवाज द्यायला तोंड उघडलं आणि घर रिकामं आहे हे आठवून मिटलं. अंगणाकडं पाठ करून तो तसाच उभा राहिला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, एका मुठीत पायजमा धरून.

मच्छिंद्र उठला. हाताला इंजिनाचं काळं तेल होतं, ते त्यानं स्वतःच्या सदऱ्याला पुसलं. भावासमोर खाली बसला. साहेबरावनं मान दुसरीकडं वळवली. मच्छिंद्रानं नाडीची दोन्ही टोकं ओढून सारखी केली आणि गाठ मारली.

"आवळ," साहेबराव वरून म्हणाला. "ढिली ऱ्हायली."

मच्छिंद्रानं गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.